शेवटचा फर्मा

ग्रंथपालाने आपल्या ग्रंथालयातली सगळी पुस्तकं वाचलेली असतात, असा लोकांचा समज असतो. आमच्या शाळेतही तो होता आणि सोळा वर्षं मी तो खोडून काढला नाही. कुणी विचारलंच, "बाई, हे पुस्तक कसं आहे?" तर मी ते हातात घेऊन जरा मागंपुढं चाळायची आणि म्हणायची, "वाचून बघ." हे उत्तर कुठल्याही पुस्तकाला चालतं.

शाळा डिचोली तालुक्यात, सुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मी नार्व्याहून दोन बसेस बदलून येते. ग्रंथालय म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली आणि चौदा कपाटं. रस्त्याच्या बाजूची जनेलं, म्हणजे खिडक्या, बंद ठेवाव्या लागतात, कारण खालून दिवसभर खनिजाचे टिपर जातात. तरी तांबडी धूळ आत येतेच. पाचवीची मुलं नवीन असतात तेव्हा त्यांना वाटतं, जुन्या पुस्तकांचा रंगच असा असतो.

त्या वर्षी मुख्याध्यापक सरांनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं, की ग्रंथालय आता सोशल मीडियावर दिसलं पाहिजे. वरून परिपत्रक आलं होतं. सरांनी ते दोनदा वाचलं होतं, मला एकदा वाचायला दिलं. त्यात 'डिजिटल उपस्थिती' असा शब्द होता. मी विचारलं, "म्हणजे काय करायचं?" सर म्हणाले, "रोज काहीतरी टाकायचं."

म्हणून मी ग्रंथालयाचं पान उघडलं आणि रोज 'आजचं पुस्तक' असं लिहून एका मुखपृष्ठाचा फोटो टाकू लागले. महिन्याभरात अकरा जण ते पान बघू लागले. त्यांतले सात शिक्षक होते आणि त्यांना सरांनी सांगितलं होतं. एक इन्व्हर्टर विकणारा होता. दहावीतल्या एका मुलीने मला सांगितलं, "टीचर, तुमचे फोटो तिरपे येतात." मी सरळ काढायला लागले, पण त्याने आकडा वाढला नाही.

खरी गोष्ट सुरू झाली ती आठवीतल्या एका मुलीमुळे. तिचे आईवडील मूळचे सिंधुदुर्गातले. वडील खाणीवर टिपर चालवायचे. आई आमच्याच शाळेत दुपारच्या आहाराची पावभाजी करणाऱ्या बचत गटात होती. मुलगी वाचणारी होती. अशी मुलगी दर दोन-तीन वर्षांनी एखादी येते. मी त्यांना ओळखते, कारण त्या पुस्तक परत करताना ते कसं होतं हे सांगत नाहीत, फक्त "अजून आहे का असलं?" एवढंच विचारतात.

एका दुपारी मैदानात बॅडमिंटन खेळताना तिच्या उजव्या डोळ्याला शटल लागलं. डोळ्यात रक्त उतरलं. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी डोळ्यावर पट्टी बांधली आणि सांगितलं, की काही आठवडे वाचायचं नाही, लिहायचं नाही, टीव्ही नाही, मोबाइलकडे बघायचंही नाही. डोकं उंच ठेवून नुसतं पडून राहायचं.

चार दिवसांनी तिची आई ग्रंथालयात आली. हाताला कांद्याचा वास होता. पदराखालून तिने एक पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"बाईनू, ह्या परत घेवा. तिका बघल्यावर वाचूचा मन होता. रडता."

"कुठवर वाचलंय तिने?"

"माका काय म्हायत? हंय कागद घातलेलो आसा."

चाळिसाव्या पानावर चॉकलेटचा चपटा केलेला कागद होता. मी म्हटलं, "तिला सांगा, मी वाचून पाठवते. ऐकायला तर डॉक्टर नको म्हणाले नाहीत ना?"

आई म्हणाली, "आयकूचा नाय असा काय म्हणूक नाय."

हे मी का म्हटलं, मला नीट सांगता येत नाही. मला वाटतं, तो चॉकलेटचा कागद बघून म्हटलं.

पुस्तक जुनं होतं. लेखक वारलेले होते आणि प्रकाशकाचा जो फोन नंबर छापला होता तो सहा आकडी होता. गोष्ट एका तारीवाल्याची होती. नदीवर पिढ्यान्‌पिढ्या होडी चालवणारा बाप, त्याचा मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी. त्याच नदीवर पूल बांधायला घेतात आणि मोठा मुलगा त्या पुलाच्या कामावर रोजगाराला जातो. बाप त्याला काही बोलत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्याला होडीत घेत नाही. मुलगा पोहून पलीकडे जातो आणि परत येत नाही. इथपर्यंत मुलीने वाचलं होतं.

मी रोज मधल्या सुट्टीनंतर खेळाच्या साहित्याच्या खोलीत जाऊन बसायची, कारण शाळेत तेवढ्या एका खोलीत टिपरचा आवाज येत नाही. चटयांच्या गठ्ठ्यावर बसून मोबाइलचं माइकचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं आणि वाचायचं. दहा-बारा मिनिटं झाली की अंगठा सोडायचा, म्हणजे मेसेज तिच्या आईला जायचा. अंगठा फार दुखायचा. ते बटण वर सरकवलं की आपोआप लागून राहतं, हे मला सगळं संपल्यावर कळलं.

आईने पहिले दोन दिवस ते मुलीलाच ऐकवलं. तिसऱ्या दिवशी कामावर येताना मोबाइल बरोबर आणला आणि भाजी ढवळताना स्वतः ऐकलं. गटातल्या बाकीच्या चौघी तिथेच होत्या, त्यांना कान बंद करता येत नव्हते. पाचव्या दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवून विचारलं, की पहिल्या चाळीस पानांत काय झालं. मी ती चाळीस पानंही वाचून पाठवली. आईने ते सगळं नवऱ्याला पाठवलं. टिपर काट्यावर वजनाला लागतात तेव्हा ड्रायव्हरना तास-दीड तास रांगेत बसावं लागतं. त्याने ते रांगेतल्या ड्रायव्हरना पाठवलं. मग प्रत्येकाला वेगळं वेगळं पाठवायचा कंटाळा आला म्हणून आईने एक ग्रुप काढला, 'बाईंची गोष्ट' नावाचा. ती त्याची अ‍ॅडमिन होती. मला तिने आठव्या दिवशी घेतलं.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्या ग्रुपमध्ये पावणेदोनशे माणसं झाली. त्यांतली बहुतेक मला माहीत नव्हती, पण माझा आवाज त्यांना माहीत होता. बसमध्ये मी कंडक्टरला "एक डिचोली" म्हटलं आणि पुढच्या बाकावरची बाई मागे वळली. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर माझ्या फाटकाशी सायकल थांबवून म्हणाला, "बाई, तो म्हातारा चेड्याशी बोलना कित्याक? एक उतर उलयल्यार जाता न्ही?" एक शब्द बोलला तरी पुरे, असं त्याचं म्हणणं. मी त्याला सांगितलं, "पुढे कळेल." मलाही माहीत नव्हतं. मी पुस्तक आधी वाचलंच नव्हतं. रोज बारा मिनिटं वाचायची, तेवढंच मला पुढचं कळायचं. मला ते आवडायलाही लागलं होतं.

सर खूश होते. तालुक्याच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, की आमच्या ग्रंथालयाने तंत्रज्ञानाच्या साहाय्याने वाचनसंस्कृती खाणीपर्यंत नेली. टाळ्या वाजल्या, असं सरांनीच मला सांगितलं.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी मी दोनशे आठ नंबरच्या पानावर आले. पूल पुरा झालेला असतो. पहाटे बाप काठावर बसलेला असतो. पानाच्या शेवटच्या दोन ओळी मी वाचल्या. "पुलाच्या पलीकडल्या टोकाशी एक माणूस दिसला. तो सावकाश चालत अलीकडे येत होता. त्याच्या हातात"

मी समोरच्या पानाकडे नजर वळवली. पुढे पुठ्ठा होता.

माझं बोट सुटलं आणि मेसेज गेला.

छापील पुस्तकात सोळा-सोळा पानं एकत्र शिवलेली असतात, त्याला फर्मा म्हणतात. जुन्या पुस्तकाची शिलाई सैल झाली की कधीकधी अख्खा फर्माच निघून पडतो. या पुस्तकाचा शेवटचा फर्मा गेला होता. केव्हा गेला, सांगता येणार नाही. दरवर्षीच्या तपासणीत त्या पुस्तकापुढे मी स्वतःच्या अक्षरात 'सुस्थितीत' असं लिहिलेलं होतं. सगळ्याच पुस्तकांपुढे मी तसं लिहीत असे. ग्रंथालयाच्या दारावर 'पाने फाडू नयेत' अशी पाटी आहे. तीही माझ्याच अक्षरात.

पंधरा मिनिटांत ग्रुपवर उत्तरं सुरू झाली. लोकांना वाटलं, मी मुद्दाम तिथे थांबले. "बाई, काय थांबवलंत!" असं एकीने लिहिलं. मग त्या माणसाच्या हातात काय असेल यावर चर्चा लागली. मुलांनी सुरा, पिस्तूल असं लिहिलं. बायकांनी पत्र म्हटलं. एका ड्रायव्हरने लिहिलं, "डबा. दुसरा काय असणार?"

मला त्याच वेळी सांगता आलं असतं, की पुढची पानं नाहीत. एका ओळीचं काम होतं. मी मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि सातवीचा तास घेतला.

नंतरचे तीन दिवस मी पुस्तकाची दुसरी प्रत शोधत होते. गोव्यातल्या ग्रंथपालांचा एक ग्रुप आहे, त्यावर विचारलं. आठ जणांनी अंगठा दाखवला. तिघांनी कुणाच्या तरी वाढदिवसाला शुभेच्छा दिल्या. एकजण म्हणाले, आमच्याकडे आहे बहुतेक, पण रंगकाम चाललंय, पुस्तकं पोत्यांत भरलीत. जुनी पुस्तकं विकणाऱ्या साइटवर ते पुस्तक दिसलं. त्याखाली 'संपले' लिहिलं होतं. एका मोठ्या ग्रंथालयाच्या संगणकात ते 'उपलब्ध' होतं. मी रजा टाकून तिथे गेले. तिथल्या बाईंनी संगणकात बघितलं आणि म्हणाल्या, "उपलब्ध आहे." मग कपाटात बघितलं आणि म्हणाल्या, "इथे नाही." मी विचारलं, "मग उपलब्ध कसं?" त्या म्हणाल्या, "सिस्टिममध्ये उपलब्ध आहे."

शुक्रवारी सकाळी मुलीची आई ग्रंथालयाच्या दारात आली. आत आली नाही. हातात पळी तशीच होती.

"बाईनू, बरा नाय काय तुमका?"

"का?"

"चार दिवस काय धाडूक नाय. घोव रोज विचारता, त्याच्या हातात काय होता. चेडू तर जेवक बघना."

मी म्हटलं, "आज पाठवते."

मधल्या सुट्टीत मी फुलस्केपचे चार कागद घेतले आणि शेवट लिहिला. याआधी मी वार्षिक अहवाल आणि पुस्तक हरवल्याची पत्रं सोडून काही लिहिलेलं नव्हतं. लिहायला पाऊण तास लागला. मला आश्चर्य वाटलं ते याचं, की अडलं कुठेच नाही. पुलावरून येणाऱ्या माणसाच्या हातात मी पत्र्याची ट्रंक दिली. तो मोठा मुलगाच होता. तो पुलावरून येता येता मध्ये थांबतो, परत फिरतो, पलीकडच्या काठावर उतरतो आणि होडीसाठी हाक मारतो. बाप होडी नेतो. मुलगा ट्रंक घेऊन उतारूसारखा बसतो. नदीच्या मध्यावर बाप वल्हं त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "हात दुखतात आता."

लिहून झाल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी इथे नोंदवते, कारण त्या दिवशी मला थोडीसुद्धा लाज वाटली नव्हती.

मी चटयांवर बसून ते चार कागद वाचले आणि पाठवले. दुपारपर्यंत ग्रुपवर एवढे हात जोडलेले आणि रडणारे चेहरे आले की माझा मोबाइल गरम झाला. त्या दिवशीची पावभाजी खारट झाली होती. पोदेराने दुसऱ्या दिवशी पावाचे दोन उंडे जास्त ठेवले. मी म्हटलं, "हे कशाला?" तो म्हणाला, "आसूं दी." सरांनी तो मेसेज स्टाफरूममध्ये मोठ्याने लावला. गणिताच्या बाई जनेलाकडे तोंड करून बसल्या.

तीन आठवडे काही झालं नाही.

मग एका सकाळी ग्रुपवर एका अनोळखी नंबरावरून मेसेज आला. माणूस पेडण्याचा होता, मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या शेजारच्या एका ड्रायव्हरने त्यांना ग्रुपमध्ये घेतलं होतं आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं. मेसेज असा होता: "ग्रंथपाल बाई, आपले वाचन उत्तम. शब्दोच्चार स्वच्छ. मात्र आपण वाचलेला शेवट माझ्या प्रतीत नाही. माझ्या प्रतीतील पाने सोबत जोडत आहे. चूक माझ्या प्रतीची असू शकते." खाली सोळा फोटो होते. एकही तिरपा नव्हता.

मी ते बसमध्ये वाचले. डिचोलीला उतरायचं होतं, ते राहून गेलं आणि मी पुढच्या थांब्यावर उतरले.

पुस्तकात त्या माणसाच्या हातात हार होता. तो ठेकेदाराचा माणूस, पुलाच्या उद्घाटनासाठी झेंडूचे हार घेऊन आलेला. मुलगा येत नाही. तो आणखी पुढच्या कुठल्या तरी पुलाच्या कामाला गेलेला असतो. उद्घाटन होतं, लोक पुलावरून ये-जा करतात. संध्याकाळी सगळे गेल्यावर बाप उठतो आणि आयुष्यात पहिल्यांदा नदी चालत ओलांडतो. मधोमध उभा राहून कठड्यावरून खाली आपल्या होडीकडे बघतो. परत येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी होडी पाण्यात ढकलतो. उतारू कुणीच नसतं. तो पलीकडे जाऊन येतो. पुस्तक संपतं.

मी थांब्यावर बसून ते दोनदा वाचलं. माझ्या शेवटात बाप बोलला होता. त्या बापाने बोलायला नको होतं, हे मला दोनशे आठ पानं मोठ्याने वाचूनही कळलं नव्हतं.

ग्रुपवर तोवर शांतता होती. पावणेदोनशे माणसं माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी शाळेत गेले, खेळाच्या खोलीत बसले आणि बटण दाबलं. अकरा वेळा बोलले आणि अकरा वेळा पुसून टाकलं. बाराव्या वेळी सांगितलं, "आपल्या ग्रंथालयाच्या प्रतीत शेवटची सोळा पानं नव्हती. मी ते तुम्हाला सांगायला हवं होतं. शेवट मी स्वतः लिहून वाचला. तो पुस्तकातला नाही. पेडण्याच्या सरांची प्रत बरोबर आहे. मी चुकले. खरा शेवट आज वाचून पाठवते." मग माझा जुना मेसेज सगळ्यांना आपापल्या मोबाइलवरून पुसायला सांगितला आणि मोबाइलच्या पडद्यावरून सरांचे फोटो वाचले. वाचताना अक्षरं बोटांनी मोठी करावी लागत होती, त्यामुळे मध्ये मध्ये थांबले. लोकांना वाटलं, मी रडतेय. मी रडत नव्हते, अक्षर बारीक होतं.

त्या मेसेजला चेहरे कमी आले. एकाने लिहिलं, "शिक्षकांनी असं करणं शोभत नाही." एकीने त्याला उत्तर दिलं, "तू शाळेत कधी गेल्लो?" त्यावरून बराच वेळ चाललं. सोळा-सतरा माणसं ग्रुप सोडून गेली. मुलीच्या वडिलांनी, जे कधीच काही लिहीत नसत, एक छोटा व्हॉइस मेसेज पाठवला. मागे इंजिनचा आवाज होता. "बाईनू, तुमच्या शेवटात झील परत इलो ता बरा वाटला. पण म्हातारो पुलार चालत गेलो ना, ता खरा."

सरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि लेखी खुलासा मागितला. मी तो लिहूनच नेला होता. सरांनी तो वाचला, चष्मा काढला, परत घातला.

"ही ट्रंक, होडी वगैरे, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो सर."

"कुठून बघून नाही?"

"नाही."

सरांनी खुलाशाला फायलीसाठी भोकं पाडली. मग म्हणाले, "'हात दुखतात आता' हे चांगलं होतं." आणि खुलासा फायलीत लावला. यापुढे कुठलंही पुस्तक ध्वनिमुद्रित करण्याआधी त्याची पानं मोजावीत, अशी सूचना त्यांनी काढली. ती वहीत फिरवून सगळ्या शिक्षकांच्या सह्या घेतल्या. खरं तर ती एकट्या मलाच होती.

मुलगी पुढच्या सोमवारी शाळेत आली. पट्टी निघाली होती, काळा चष्मा होता. मी तिची वाट बघत होते आणि ती येऊ नये असंही वाटत होतं. बाकी सगळ्यांना मी फसवलं असलं, तरी मूळ गोष्ट तिला सांगायला घेतली होती. ती आली, नेहमीसारखी टेबलासमोर उभी राहिली.

मी म्हटलं, "मी तुला चुकीचा शेवट सांगितला."

"म्हायत होता माका."

"कधीपासून? पेडण्याच्या सरांचा मेसेज आला तेव्हापासून?"

"नाय. त्याच दिवशी."

मी विचारलं, कसं. ती म्हणाली, डोळ्यावर पट्टी असल्यामुळे तिला सगळं फार ऐकू यायचं. रोज माझ्या मेसेजमध्ये पान उलटल्याचा आवाज यायचा, बारीक, मऊ. त्या दिवशी तसा आला नाही. "पेपराचो आवाज इलो. परीक्षेच्या पेपराचो. तीनदा."

"तेवढ्यावरून?"

"आनी तुम्ही 'तेवढ्यात' म्हणत होतात. पुस्तकात 'तेवढ्यात' एकदा पण नव्हता. तुम्ही सहा वेळा म्हटलात."

सोळा वर्षांत कुठल्याही तपासणी अधिकाऱ्याने माझं काम इतक्या बारकाईने बघितलं नव्हतं.

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "कोणी विचारूकच नाय." आणि पुढे म्हणाली, "आयेक तुमचो शेवट आवडलो होतो."

तिच्या आईला खरा शेवट आजही मान्य नाही. तिचं म्हणणं, लेखकाने त्या पोराला उगाच लांब पाठवलं, आणि मी जे केलं ते बरोबर केलं, फक्त सांगायला नको होतं. मी तिच्याशी वाद घालत नाही.

डिसेंबरमध्ये पेडण्याचे सर स्वतः आले. दोन बसेस बदलून, हातात कापडी पिशवी. पिशवीत एक नीरफणस होता आणि ते पुस्तक. वय सत्तरच्या पुढे, शर्ट कडक इस्त्रीचा. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "बाई, मी तो मेसेज सगळ्यांसमोर टाकला. मला वाटलं, फक्त तुम्हालाच जातोय. मला ते नीट जमत नाही. महिनाभर मला झोप नाही."

मी म्हटलं, "तुमचे फोटो फार स्वच्छ होते."

"नातीने काढले."

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, तुमच्या प्रतीला ही सोळा पानं झेरॉक्स करून जोडून घ्या. मी शिपायाकडून झेरॉक्स करून घेतली. ती होईपर्यंत आम्ही बोललो. त्यांच्या पत्नीला माझा शेवट पुन्हा ऐकायचा होता, पण मी तो सगळ्यांना पुसायला लावला होता. मी म्हटलं, कागद आहेत. ते संकोचले, पण मोबाइल काढून टेबलावर ठेवला. मी जनेल घट्ट लावून घेतलं आणि ते चार कागद पुन्हा एकदा वाचले. या वेळी 'तेवढ्यात' दोनच ठेवले. सर मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "साहित्य म्हणून कच्चं आहे. पण तिला आवडेल."

झेरॉक्स आली. सरांची प्रत परत देताना मी सवयीने पहिलं पान उघडून बघितलं. त्यावर पेडणे तालुक्यातल्या एका शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का होता. मागे तारखेची चिठ्ठी होती आणि तिच्यावर शेवटची तारीख सर निवृत्त व्हायच्या कितीतरी आधीची. मी शिक्क्याकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे बघितलं.

"ती शाळा आता नाही," ते म्हणाले. "पोरं कमी झाली, दुसऱ्या शाळेत मिळवली. मी दोनदा परत करायला गेलो होतो. पहिल्यांदा कपाटाची किल्ली सापडत नव्हती. दुसऱ्यांदा शाळाच सापडली नाही."

पाच वाजता मी त्यांना थांब्यापर्यंत सोडलं. बस आली, ते चढले, आणि खिडकीतून हात हलवताना त्यांच्या मांडीवर रिकामी पिशवी दिसली. मी वर आले तेव्हा पुस्तक माझ्या टेबलावरच होतं, नीरफणसाच्या शेजारी. मी फोन केला. ते म्हणाले, "राहू द्या, बाई. तुम्ही ग्रंथपाल आहात. तुमच्याकडे ते असलं तर परत केल्यासारखंच आहे."

ग्रुप अजून चालू आहे. त्यावर आता जास्त करून नळाला पाणी कधी येणार आणि काट्यावर रांग केवढी आहे हे असतं. पण बुधवार-शनिवार मी वाचते, आणि आठवीतली ती मुलगी, जी आता दहावीत आहे, कधीकधी माझ्या जागी वाचते. तिचं वाचन माझ्यापेक्षा चांगलं आहे, कारण ती घाई करत नाही. आमच्या प्रतीला झेरॉक्सचा फर्मा शिवला आहे. त्याचा कागद पांढराशुभ्र, बाकीचं पुस्तक तांबूस.

सरांचं पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर दुसऱ्या शाळेचा शिक्का असल्यामुळे मला ते आमच्या रजिस्टरात घेता येत नाही, आणि ज्यांचा शिक्का आहे त्यांना पाठवायला पत्ता नाही. मी या बाबतीत वर पत्र लिहून मार्गदर्शन मागितलं आहे. उत्तर आलेलं नाही.